स्प्राइट म्हणजे आसरा

मेलेलं माणूस एकदाच जातं असं ज्यांना वाटतं, त्यांच्या घरातलं अजून कोणी गेलेलं नसावं. शामलाची मैना रोज थोडी थोडी जात होती. कन्हानला मामाच्या गावी गेलेली पोरगी, चार पोरींबरोबर नदीवर गेली, डोहात पाय घसरला आणि परत वर आलीच नाही. तेव्हा शामलानं छाती पिटून घेतली, नागपूरच्या टिमकी मोहल्ल्यातल्या साऱ्या बायका तिला धरायला धावल्या. ते दुःख सगळ्यांनी पाहिलं. पुढं जे चाललं होतं ते मात्र कोणाला सांगायची सोय नव्हती.

शामला पोरीचा चेहरा विसरत चालली होती.

आधी भांग कोणत्या बाजूला पाडायची ते आठवेना. मग भुवया गेल्या. मग एके दिवशी चुलीपुढं बसल्या बसल्या तिनं डोळे मिटले आणि मैनाला समोर उभी केली, तर फ्रॉक दिसला, पायातले वाळे दिसले, भेगाळलेल्या टाचा दिसल्या, आणि मानेच्या वर काहीच नाही! शामला किंचाळून उठली. भाकर करपली ती करपलीच. पोरीचा फोटोही नव्हता. "फोटो काढल्यानं आयुष्य कमी होते," म्हणून सासूनं कधी काढू दिला नाही. घ्या! वाढलं का मग आयुष्य?

कन्हानकाठचे लोक सांगून गेले होते की डोहातल्या साती आसरांनी नेली पोरगी. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवीबाया. एखादं लेकरू मनात भरलं की ठेवूनच घेतात. त्यांची ओटी भरा, हिरवा खण, हिरव्या बांगड्या द्या, म्हणजे पोरीचा जीव तरी सुटेल. शामलानं त्यांना उभंही केलं नाही. "प्रेत सापडलं काय? नाई ना? मंग माही पोट्टी मेली नाई," ती म्हणाली. ओटी भरायची म्हणजे गेली हे आपल्या हातानं कबूल करायचं. तिनं नदीचं तोंडच पाहणं सोडलं.

तिचा नवरा चंद्रभान बोलायचा कमी. घराणं उमरेडच्या विणकरांचं, पण गिरणीच्या कापडापुढं हातमाग बसले आणि चंद्रभाननं धोटा सोडून ब्रश धरला. सदर भागातल्या एका गॅरेजात तो गाड्यांवर नावं रंगवायचा. स्वराज्य आलं तशी लोकांना आपल्या अक्षरात नावं लिहून घ्यायची हौस सुटली होती. ट्रकवाल्याला "जय बजरंग" लागायचं, टांगेवाल्याला "मोतीराणी". तोवर ठीक होतं. घोळ झाला तो शौकीन लोकांच्या त्या उघड्या विलायती मोटारींचा. दोन माणसं बसली की तिसऱ्याला जागा नाही, डोक्यावर छप्पर नाही, आणि आवाज असा की गल्लीतली कुत्री शेपूट घालून नालीत शिरतात. साहेब लोक देश सोडून गेले, जाताना त्या इथल्या डॉक्टरांना आणि मालगुजारांना विकून गेले. त्या गाड्यांची नावंही विलायती. आणि चंद्रभानची खोड अशी की अर्थ कळल्याशिवाय त्याचा ब्रश चालायचा नाही.

अर्थ सांगायला श्रीधर मास्तर होते. ते नुकतेच बदलून आलेले, शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि सायकलीत हवा भरायच्या निमित्तानं गॅरेजात येऊन फुकटचा पेपर वाचायचे. एका डॉक्टरांची गाडी होती मिजेट. मास्तर म्हणाले, "मिजेट म्हणजे बुटका माणूस." चंद्रभाननं गाडीवर छत्री घेतलेला वामन काढला. झालं! डॉक्टरांचे पेशंट आधी गाडीच्या पाया पडायचे, मग आत जाऊन जीभ दाखवायचे. दुसरी आली रेपिअर, म्हणजे लांब निमुळती तलवार. तिथं काही अडचण नव्हती. तिसरी एका मालगुजाराच्या पोराची, इम्प. मास्तरांनी मिश्या पुसत सांगितलं, "इम्प म्हणजे सैतानाचं खोडकर पोरगं." आता कोणाच्या गाडीवर सैतानाचं पोरगं कसं काढणार? चंद्रभाननं लोण्याच्या मडक्यात हात घातलेला बाळकृष्ण काढून दिला. पोरगा रुसला, पण त्याची आई दर एकादशीला बॉनेटवर तुळस ठेवायला लागली.

"पण मास्तर," चंद्रभाननं एकदा विचारलं, "हे गोरे लोकं गाड्यायले असली नावं काहून देतात गा? बुटके, तलवारी, सैतान..."

"अरे, वेग! झपकन आलं, झपकन गेलं. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा आला पाहिजे. पाहिलं की नाही पाहिलं, असं वाटलं पाहिजे."

आणि मग रुपरावांची गाडी आली.

रुपराव मूळचे काटोलचे, संत्र्यांचे बागाईतदार. नागपूरच्या वेशीवर काटोल रोडला त्यांनी नवी बाग लावली होती आणि बागेतच घर बांधलं होतं. मनानं मोठा माणूस, पण मिरवायची भारी हौस. कोण्या साहेबाच्या बंगल्यात चिंचेखाली वर्षानुवर्षं उभी असलेली हिरवी गाडी त्यांनी उचलली, मिस्त्रीकडून चालती केली आणि चंद्रभानपुढं आणून उभी केली. पुढं कंपनीचं नाव होतं रायली, आणि गाडीचं नाव स्प्राइट.

"याचा अर्थ काय होते, मास्तर?"

मास्तरांनी पेपर खाली घेतला. "स्प्राइट... कसं सांगू? पाण्यात, झाडाझुडपांत राहते ती. परी म्हण, भूत म्हण. दिसली न दिसली तोच नाहीशी. आपल्याकडं काय म्हणतात बरं... हां! आसरा! डोहातल्या आसरा असतात ना, त्यातली एक."

मास्तर नवे, त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत! ते सायकलवर टांग टाकून निघून गेले. चंद्रभान कितीतरी वेळ कोरडा ब्रश हातात धरून त्या हिरव्या दारासमोर बसून राहिला. मग त्यानं रंग कालवला आणि मागच्या बाजूला लिहिलं, आसरा.

रुपराव आले, वाचलं, आणि खूश! "वा गा पेंटर! माह्या मनातलं लिहिलं तू! आसरा! उन्हातान्हात, अडीअडचणीत माणसाले आसरा देणारी गाडी!" गाडीला छप्पर नाही आणि नाव म्हणे आसरा, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. शब्द एकच, पण एक आसरा डोक्यावर छाया धरतो आणि दुसरी पाय धरून खाली ओढते. चंद्रभानला सांगता आलं असतं. पण तो म्हणाला, "मालक, दारावर चित्र काढू काय?"

"काढ ना! इचारतं काय?"

दुपारी शामला नेहमीसारखी डबा घेऊन गॅरेजात आली, आणि दारातच थबकली. हिरव्या दारावर निळं पाणी होतं आणि त्या पाण्यातून खांद्यापर्यंत वर आलेली एक पोरगी तिच्याकडं पाहत होती. केस ओले, हनुवटी थोडी वर, ओठ आता बोलतील असे.

शामलाच्या तोंडून "मैना" आलं, पण आवाज निघालाच नाही. इतके दिवस रिकामी राहिलेली ती जागा एका क्षणात भरली. हेच डोळे! हेच कपाळ! आपण कसं विसरलो होतो? तिला वाटलं, या माणसाचे पाय धरावेत, इथंच, सगळ्यांसमोर.

"कशी काय आठवली तुमाले?" तिनं विचारलं.

चंद्रभान पाठमोरा होऊन ब्रश धुवायला लागला. "आठवली," तो म्हणाला. तो ब्रश त्यानं नको तितका वेळ धुतला.

गाडी संध्याकाळी काटोल रोडला गेली. आठवडा उलटला नाही तोच शामलाही तिथं कामाला लागली. मृगाच्या बहाराची, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाला येणाऱ्या संत्र्यांची, तोड चालू होती, संत्री निवडून गवताच्या थरात पेट्या भरायला बायका लागतच होत्या. "टिमकी सोडून इतक्या दूर कामाले काहून?" चंद्रभाननं विचारलं, आणि ती पदर खोचून वाटेला लागली तेव्हा त्यालाही कळलं. पण तो गप्प बसला. त्या घरात गप्प बसण्याची दोघांनाही सवय झाली होती.

गाडी घरामागच्या शेडमध्ये असायची. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन शामला पदरानं दार पुसायची. आधी कपाळ, मग गाल, मग हनुवटी. घरी आता डोळे मिटले की चेहरा लागलीच यायचा. रुपरावांची बायको जयवंता तिच्यावर खूश होती. "भल्ली कामाची बाई हाय," ती सगळ्यांना सांगायची. जयवंताला एकच लेकरू, कुसुमावती. नवस करून झालेली, अजून शाळेतही न घातलेली पोरगी. तिला सगळे कुसुम म्हणायचे. तिचा सारा दिवस त्या गाडीत जायचा. शेडच्या मागं थोड्या अंतरावर बागेला पाणी द्यायचं मोठं दगडी टाकं होतं, आत उतरायला पायऱ्या होत्या, पण तिकडं ती कधी फिरकत नसे.

एकदा शामला पुसायला गेली तर कुसुम दारासमोर फतकल मारून बसली होती आणि गुलूगुलू बोलत होती.

"कोणाशी बोलून राहिली वं?"

"मैनाशी."

शामलाच्या हातातला पदर गळून पडला. या बागेत तिनं ते नाव कोणासमोर काढलं नव्हतं. घरीसुद्धा काढलं नव्हतं. "कोणं सांगतलं तुले हे नाव?"

"तिनंच," कुसुम म्हणाली. "तिले थंडी वाजते वं. तिचे पाय ओलेच राह्यतात."

शामलानं खाली पाहिलं. शेडमधल्या कोरड्या धुळीत, दारापासून निघून मागच्या बाजूनं टाक्याकडं गेलेली, लहान पावलांची ओली रांग होती. कुसुमचे पाय कोरडे ठणठणीत होते.

भ्यायला पाहिजे होतं. कोणी शहाणी बाई असती तर पोरीला उचलून पळाली असती, मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली असती, मालकिणीला सांगितलं असतं. शामलाला आनंद झाला. खोटं कशाला सांगा, आनंदाच्या उकळ्या फुटल्या तिला! माझी पोर गेली नाही, इथंच आहे, ओल्या पायांनी का होईना पण चालते आहे!

त्या दिवसापासून ती कुसुमच्या मागं लागली. "काय म्हणे वं आज मैना? जेवली काय? रडत तं नव्हती?" घरून ती तिळाचे लाडू करून आणायची, चिंचा आणायची, सोललेल्या संत्र्याच्या फोडी पदराखाली लपवून द्यायची. "घे. एक तू खा आन् एक तिले देजो." कुसुम फोडी घेऊन टाक्याकडं जायची आणि रिकाम्या हातानं परत यायची. पोरगी आता कोणाशी खेळेना, जेवताना ताटातलं अर्धं बाजूला काढून ठेवायला लागली. जयवंताला वाटलं, ऊन लागलं असेल. शामलाला सगळं कळत होतं आणि तिनं कळून घेतलं नाही. आपल्या लेकीला सोबत मिळाली, एवढंच तिनं मनाला सांगितलं. माया आंधळी असते म्हणतात. चोरही असते, हे कोणी म्हणत नाही.

मग एका भर दुपारी माळ्याची बोंब उठली.

कुसुम टाक्याच्या पायऱ्यांवर, कमरेइतक्या पाण्यात उभी होती. माळ्यानं तिला मागून धरून ओढलं नसतं तर संपलंच होतं, पुढं पायरी नव्हती. ती रडली नाही, उलट ओढणाऱ्यालाच चावली. "सोड मले! मैना म्हणे, ये. तिथी तिच्यासंगं खेळायले कोणी नाई!"

जयवंता अनवाणी धावत आली. पोरीला पोटाशी धरून ती तिथंच मातीत बसली. बायका जमल्या. त्यात जनाबाई होती, कन्हानकडची म्हातारी, पेट्या भरायला यायची. तिनं विचारलं, "माय, हे पोट्टी दिवसभर त्या गाडीपाशी काहून बसते? त्या गाडीवर लिहिलं तरी काय हाय?"

"आसरा," जयवंता रडत म्हणाली. "आसरा म्हंजे आधार..."

"अरे बाप्पा!" जनाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "आधार कायचा वं माय! आमच्या कन्हानच्या डोहावर जाऊन इचार आसरा म्हंजे काय! नाव लिहून, मुखडा काढून पाण्यातली बाई घरी आणून बसवली तुमी, आन् वरून लेकरू तिच्यापुढं खेळायले सोडलं!"

रुपरावांनी आधी हसण्यावारी नेलं, पण मुलीची ओली परकर-चोळी पाहिली आणि त्यांचं हसू सुकलं. पेंटरला निरोप गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रभान टर्पेंटाइनची बाटली आणि चिंध्या घेऊन आला. शेडमध्ये शामला गाडीच्या दाराला पाठ लावून उभी होती, दोन्ही हात पसरून.

"बाजूले हो, शामला."

"हात लावून तं पाहा!" ती वाघिणीसारखी गुरकावली. "जगात माह्या मैनाचा येवढाच चेहरा उरला हाय. एकदा तं तुमी मले रिकामं केलंच, तिले कन्हानले धाडाले हो म्हटलं तुमीच. आता हा बी पुसता काय? पुसाचा असन तं आधी माहे डोये फोडा!"

शेडच्या दारात रुपराव आणि जयवंता उभे होते. जयवंताच्या कडेवर कुसुम. दोघांनाही तेव्हाच कळलं की चित्रातली पोरगी कोणाची. पोटच्या गोळ्याचं दुःख समोर असं उघडं उभं राहिलं की मालकीणपण कुठं राहतं?

चंद्रभाननं बाटली खाली ठेवली. तो बायकोच्या समोर उकिडवा बसला, आणि पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. पोरगी गेली तेव्हाही आलं नव्हतं.

"ते मैना नाई, शामला."

"काय?"

"मले बी नाई आठवत तिचा चेहरा." तो जमिनीकडं पाहत बोलत होता. "तुह्याही आधीपासून नाई आठवत. ब्रश घेऊन बसलो, लय आठवलं, डोकं फुटायची पाळी आली, पण नाई आली ते. मंग मी तुया चेहरा काढला. आपलं लगन झालं तवा तू येवढीच होती ना वं, अंतरपाट खाली झाला तवा मी पाह्यलं होतं तुले. मले वाटलं, लेक मायसारखीच असन. तू पाहून तिलेच ओळखलं, मंग मी काहून नाई म्हणू? तुया जीवाले थंडक पडली होती."

शामला सावकाश वळली. दाराकडं पाहिलं. इतके दिवस जिच्या कपाळावरून, गालांवरून पदर फिरवला होता ती पोरगी पाण्यातून तिच्याकडं पाहत होती, आणि ती कोणीच नव्हती. ती एक लहानशी शामला होती, लग्नाच्या बोहल्यावर घाबरलेली. डोळे मिटले तर आत तेवढीच होती. तिच्या मागं, खाली, कुठंही मैना नव्हती.

तिनंच चिंधी उचलली. टर्पेंटाइन ओतलं आणि पुसायला लागली. निळं पाणी ओघळलं, ओठ ओघळले, आणि थोड्याच वेळात नुसतं हिरवं दार उरलं. कोणीही मध्ये पडलं नाही. "आसरा" हा शब्द चंद्रभाननं स्वतः खरडून काढला.

"तशी तं ते नव्हतीच," जयवंताच्या कडेवरून कुसुम म्हणाली.

शामला चिंधी हातात घेऊनच वळली.

"कशी नव्हती?" शामलानं विचारलं. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"चित्रासारखी. मैना येगळीच दिसते."

शामलाच्या अंगातला कण न् कण कान झाला. चेहरा होता! साऱ्या जगात एका पोरीजवळ अजून होता! "मंग कशी दिसते वं बाई? सांग ना! नाक कसं हाय? डोये कसे हायत?"

कुसुमनं विचार केला. मग आईच्या कडेवरून उतरायची धडपड करायला लागली. "थांब, मी पाहून येतो आन् सांगतो. ते तिथीच बसली हाय, टाक्यापाशी."

पोरगी सुटली आणि धावली. शामलानं तिला शेडच्या बाहेर गाठलं आणि घट्ट धरलं. हातात कुसुमचा दंड होता, ऊन ऊन, जिवंत. एक शब्द बोलायचा अवकाश होता, "जा, पाहून ये." तो शब्द शामलाच्या जिभेवर आला होता, हे तिनं स्वतःपासूनही लपवलं नाही. समोर जयवंता उभी होती, तोंडाला पदर लावून, पांढरीफटक. दोन वर्षांपूर्वी आपण अशाच दिसलो असू, असं शामलाला वाटलं, आणि तिला स्वतःची किळस आली.

"जनाबाई," ती म्हणाली, "ओटी कशी भरतात वं?"

जयवंतानं पेटीतला कोरा हिरवा खण काढून दिला, बांगड्या दिल्या, नारळ, तांदूळ, हळदकुंकू दिलं. जनाबाईनं सगळं सांगितलं. "तूच सोडजो, दुसऱ्या कोणं सोडून चालत नाई. आन् या पोट्टीले संग घेऊन जाय. आपलं सोडाचं आन् मालकिणीचं घेऊन याचं. सोडणाऱ्यानं येतानी मागं वळून पाहाचं नाई. कोणं आवाज देला तरी नाई, बाई. मागं पाह्यलं का सोडलेलं संग येते."

रुपराव काहीतरी बोलायला गेले, पोरीला परत पाण्यापाशी कशाला म्हणून, पण जयवंतानं त्यांचा हात धरला. तिनं स्वतः कुसुमला शामलाच्या कडेवर दिलं. "घेऊन येजो वं बाई," एवढंच म्हणाली.

टाक्यावर ऊन तळपत होतं. शामलानं पायरीवर हळदकुंकू वाहिलं, खण पाण्यावर सोडला. तो आधी तरंगला, मग एका बाजूनं भिजत खाली गेला. बांगड्या लगेच बुडाल्या. "मैना," ती म्हणाली. "मैना, माय वं माही, जाय आता. हे लेकरू दुसऱ्याचं हाय. मी तुले अडकवून ठेवलं, माहं चुकलं. जाय बाई."

मग ती उठली, कुसुमला खांद्यावर घेतलं आणि घराकडं चालायला लागली. कुसुमचं तोंड मागच्या बाजूला होतं.

"आली," कुसुम कानात म्हणाली. "पायरीवर बसली."

शामलानं पुढचं पाऊल टाकलं. दोन्हीकडं संत्र्याची झाडं होती.

"तुह्याकडंच पाहून राहिली."

मानेच्या शिरा ताठल्या. एकदा वळलं की झालं, एकदाच! मग जन्मभर विसरणार नाही. शामलानं दात इतके आवळले की कानशिलं दुखली.

"ते माय म्हणून आवाज देऊन राहिली तुले."

शामलाला काही ऐकू आलं नाही. आलं असतं तर ती थांबली असती, हे ती पुढं कधी नाकारणार नव्हती. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून गळत होतं आणि ती चालत होती. खांद्यावर कुसुमचा हात वर झाला, कोणाला तरी निरोप दिल्यासारखा हलला, आणि मग खाली आला. पोरीचं डोकं शामलाच्या मानेवर टेकलं.

ओसरीवर जयवंता हात पसरून उभी होती. तिनं लेकीला ओढून घेतलं, तिच्या डोक्याचे, गालांचे, हातांचे मुके घेतले. चंद्रभान खाली मान घालून उभा होता. जनाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला, शामलानं पायांवर पाणी घेतलं. सगळं रीतीनं झालं होतं. आता वळून पाहायचं नव्हतं, पण विचारायला तर कोणी मना केलं नव्हतं.

"कुसुम," ती म्हणाली. "एकच सांग वं बाई. कशी होती ते? डोये कसे होते तिचे?"

कुसुमनं आईच्या खांद्यावरून डोकं उचललं आणि झोपाळलेल्या डोळ्यांनी तिच्याकडं पाहिलं.

"कोण?" ती म्हणाली.